टिंबापुढचा मजकूर

असोद्यास राहणाऱ्या आमच्या काकूंची पत्रे लिहून देण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा चुलत भाऊ, अमेरिकेत असतो. काकूंना ऐकू फार कमी येते, त्यामुळे टेलिफोनचा त्यांस उपयोग नाही. चित्रासह बोलण्याची सोय झाली खरी, पण पडद्यावर मुलाचे ओठ तेवढे हलताना दिसतात आणि काकूंची चिडचिड अधिकच वाढते. तेव्हा दरमहा आम्ही जळगावाहून असोद्यास जावे, ओट्यावर बसावे, काकूंनी सांगावे, आम्ही वहीत उतरून घ्यावे आणि घरी येऊन ते ई-मेलने धाडावे, अशी वहिवाट पडली आहे. उत्तर आले की ते कागदावर छापून न्यावयाचे आणि काकूंच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन वाचावयाचे. ह्या वाचनाने शेजारच्या तीन घरांस आमच्या कुळाच्या सर्व बातम्या कळतात. पण त्यास इलाज नाही.

दुसऱ्याच्या तोंडचे उतरून घेणे हे असोद्यास नवे नव्हे. १८८० साली ह्याच गावी जन्मलेल्या बहिणाबाईंस अक्षरओळख नव्हती. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ह्यांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणूनच १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले. आमच्या काकू कवयित्री नाहीत. तथापि लेखनिकाने आपल्या मर्जीने शब्द गाळू नये एवढी शिस्त आम्ही त्या उदाहरणावरून घेतली होती.

काकूंच्या सांगण्याची एक रीत आहे. आधी पाऊस, मग कपाशी, मग भरिताची वांगी. येथवर बोलणे ओढ्यासारखे वाहते. मग त्या थांबतात. पदर सारखा करतात, अंगणाकडे पाहतात. कधी कधी पाच-पाच मिनिटे जातात. आणि त्यानंतर त्या जे बोलतात त्यासाठीच खरे म्हणजे पत्र असते. ह्या थांबण्याची काही तरी खूण ठेवावी म्हणून आम्ही वहीत एका ओळीवर एकटे टिंब देत असू आणि टंकलिखित करतानाही ते तसेच ठेवीत असू. मराठीत पूर्णविराम हा तसा पाहुणाच. मोडीतल्या जुन्या पत्रांतून विरामचिन्हे शोधावयास गेल्यास बहुधा निराशाच पदरी पडते. मेजर कॅन्डीने १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली, तेव्हापासून हा पाहुणा आपल्या घरात कायमचा राहिला. आम्ही त्यास एक जादा काम सांगितले, इतकेच.

गेल्या वर्षी विहिरीकडच्या शेतास गिऱ्हाईक आले. विकावे की ठेवावे, हे मुलाने सांगावे अशी काकूंची इच्छा होती. तसे पत्र गेले. उत्तर आले ते पावसाविषयी आणि वांग्यांविषयी. दुसरे पत्र गेले. त्यात काकांच्या श्राद्धास येशील का, अशी विचारणा होती. उत्तरात पुन्हा वांगी! जळगावच्या ह्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आम्हांसही त्याचा अभिमान आहे. पण आईने शेताविषयी विचारावे आणि मुलाने वांग्याविषयी लिहावे ह्याला काय म्हणावे? तिसऱ्या उत्तरानंतर काकू एवढेच म्हणाल्या, "त्याले माझं बोलनं कयत नही का?" पुढच्या महिन्यात आम्ही वही उघडली, तर त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितले.

आम्हांस संताप आला. शिकलेल्या माणसांच्या निगरगट्टपणावर आमचे काही ठाम विचार आहेत. ते सर्व एका पत्रात ओतून आम्ही भावास धाडले. ते मात्र अखंड पोहोचले. आम्ही रागात असल्यामुळे मध्ये कोठे थांबलोच नव्हतो! त्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. कोणते शेत, असे त्याने विचारले होते. आपणांस मिळालेली तिन्ही पत्रेही त्याने परत जोडली होती. तिन्ही वांग्यांपाशी संपत होती. खाली आशीर्वादही नव्हता. आई थकली, आता तिच्याने दोन शब्दांपलीकडे सांगवत नाही, असे समजून तो तिकडे झुरत होता आणि तिला बरे वाटावे म्हणून वांग्यांविषयीच भरभरून लिहीत होता.

आमच्या महाविद्यालयाचे टपाल ज्या जुन्या पानावरून जाते, त्यावर केवळ साधा मजकूरच लिहिता येतो. तेथील 'पाठविलेले' ह्या कप्प्यात तिन्ही पत्रे पूर्ण होती. म्हणून आजवर शंका आली नव्हती. आता आम्ही तपासास बसलो. प्रथम संशय घेतला तो देवनागरीवर. टपालाच्या नियमाप्रमाणे एका ओळीत ९९८ बाइटांहून अधिक मजकूर असू नये. आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळ्या धरून, तीन बाइट खाते. म्हणजे सुमारे ३३२ चिन्हांत ओळ भरली. काकूंचा कपाशीचा परिच्छेद आम्ही मोजला. तो मर्यादेच्या पुष्कळ पुढे गेला होता. आम्हांस कोण आनंद झाला! सर्व ओळी तोडून पत्र स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर धाडले. ते पुन्हा वांग्यांपाशीच तुटले.

मग लांबीवर संशय घेतला. पण चौपट लांबीचा इंग्रजी निबंध बिनबोभाट पोहोचला. शेवटी पत्राचे दोन तुकडे केले. वांग्यांपर्यंतचा भाग धाडला, तो पोहोचला. शेतापासूनचा भाग धाडला, तोही पोहोचला. जोडून धाडले की दुसरा नाहीसा! दोहोंच्या मध्ये होते ते एक टिंब. तेव्हा आम्ही एका ओळीत राम, दुसरीत टिंब, तिसरीत पुन्हा राम असे पत्र लिहिले. पोहोचला तो एकच राम.

महाविद्यालयातील संगणक सांभाळणाऱ्या तरुणाने हे ऐकून कपाळावर हात मारला आणि आम्हांस समजावून सांगितले. १९८२ साली जॉन पोस्टेल ह्यांनी लिहिलेल्या टपालनियमांत पत्र संपल्याची खूण म्हणून एकट्या टिंबाची ओळ ठरविली आहे. मजकुरातच टिंबाने आरंभ होणारी ओळ आली तर पाठविणाऱ्या यंत्राने तिच्यापुढे आणखी एक टिंब लावावे आणि घेणाऱ्याने ते काढून टाकावे, अशी तोडही तेथेच दिली आहे. पण आमचे पत्र त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नव्हते. आमचे पान मजकूर ज्या जुन्या आज्ञावलीच्या हाती देई, ती माणसे पडद्यासमोर बसून पत्र टंकीत त्या काळातली. लिहिणाऱ्याने टिंब देऊन खाली उतरावे आणि तिने पत्र मिटावे, असा तिचा परिपाठ. टिंबाकडे लक्ष देऊ नकोस, असे तिला एका अक्षराच्या खुणेने बजावावे लागते. पान रचणाऱ्याने ते अक्षर घातले नव्हते. इतक्या वर्षांत कोणाची तक्रार नव्हती. कारण एकट्या टिंबाची ओळ आमच्यावाचून कोणीच लिहीत नव्हते.

ते अक्षर आता पडले आहे. तिन्ही पत्रे आम्ही पुन्हा धाडली. भावाचे चार पानी उत्तर आले; शेत ठेव, श्राद्धास येतो, असे त्यात होते. गिऱ्हाइकाने मात्र तोवर दुसरीकडे व्यवहार केला होता आणि श्राद्धाची तिथीही टळून गेली होती. काकूंच्या कानाशी आम्ही सर्व प्रकार ओरडून सांगितला. तुम्ही थांबलात की मी टिंब देत होतो आणि यंत्राला वाटे पत्र संपले, हे त्यांनी दोनदा वदवून घेतले.

"मी थांबली म्हंजे बोलनं सरलं का रे?" त्या म्हणाल्या. हा प्रश्न यंत्रास होता की आम्हांस, ते कळले नाही.

मग त्यांनी वही काढावयास सांगितली. पाऊस झाला, कपाशी झाली, वांगी झाली. त्या थांबल्या आणि अंगणाकडे पाहू लागल्या. आम्ही टिंब दिले आणि वाट पाहत बसलो.