कातकाम : एक छंद, एक ऋण

छंद या शब्दाकडे आपल्या समाजात काहीशा संशयाने पाहिले जाते. पोटापाण्याचा उद्योग आटोपल्यावर उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. आणि तो छंद एखाद्या धर्मगुरूचा असला, तर संशय थोडा अधिक गडद होतो. माझा छंद लाकूड कातण्याचा आहे. सूत कातणे सर्वांना ठाऊक असते. परंतु लाकूडही कातले जाते, आणि ते कातणाऱ्याला आपल्या भाषेत कातारी असे जुने नाव आहे. स्वयंपाकघरातील लाटणे, पाळण्याचे दांडे, पलंगाचे गोल पाय, मुलांचा भोवरा आणि खुळखुळा, बुद्धिबळाची मोहरी ही सारी त्याच्याच हातची निर्मिती. सुतार लाकूड स्थिर ठेवून हत्यार चालवितो. कातारी लाकूड फिरते ठेवून त्याला हत्यार लावतो. या एका फरकाने हाताची सारी शिस्त बदलते.

धर्मसेवेच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील लिंबागणेशच्या परिसरात राहताना हा छंद जडला. बालाघाटच्या या डोंगराळ, अवर्षणग्रस्त भागात सागवान विकत आणावे लागते. मात्र बांधावर बाभूळ, कडुनिंब, चिंच आणि बोर उभी असतात. एके काळी बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे असत. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि त्या चिवट लाकडाला बहुधा चुलीचीच वाट उरली. वादळाने मोडलेली एखादी फांदी, छाटणीत निघालेला एखादा ओंडका एवढे छंदिष्टाला पुरेसे होते; त्यासाठी उभे झाड पाडण्याचे कारण नाही.

दिवाळी उलटली की या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात आणि गावात वृद्ध व काही शाळकरी मुले मागे राहतात. अशाच मागे राहिलेल्या एका वृद्ध सुताराने मला लाकूड ओळखावयास शिकविले. सारे त्यांना बाबा म्हणत. ओल्या निंबाचा ओंडका मी लेथवर चढविण्याच्या तयारीत असताना ते म्हणाले, "फादर, लाकडाला घाई चालत न्हाई. त्याच्यातलं पानी जायला येळ द्या, न्हाईतर ते तुमच्या देखत तडकंल." सेमिनरीत संयमावर अनेक प्रवचने ऐकली होती, त्यांतील एकही इतके थोडक्यात आटोपले नव्हते.

ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा असेल, त्यांनी लाटण्यापासून प्रारंभ करावा. सुमारे १ फूट लांब आणि दीड इंच जाडीची वाळलेली, सरळ रेषांची चौरस काठी घ्यावी. दोन्ही टोकांवर कर्ण आखले की ते जिथे छेदतात तोच मध्य. कडा रंध्याने तासून काठी अष्टकोनी करावी व लेथच्या दोन टोकांमध्ये घट्ट बसवावी. हत्यार टेकविण्याची पट्टी लाकडाच्या शक्य तितकी जवळ आणावी आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी काठी हाताने एकदा फिरवून ती कोठे अडत नाही, हे पाहावे. सैल बाह्या, पदर, ओढणी, गळ्यातील माळ यांना लेथजवळ थारा नाही. हातमोजेही नकोत, कारण फिरते लाकूड ते ओढून घेते. डोळ्यांवर व तोंडावर संरक्षण मात्र अवश्य असावे, कारण लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

आता मुख्य गोष्ट. गोल पटाशी लाकडात एकदम खुपसावयाची नसते. प्रथम तिची तासलेली पाठ फिरत्या लाकडावर टेकवावी. मग मूठ हळूहळू वर उचलावी. एका क्षणी धार आपोआप लाकडाला भिडते आणि पातळ, लांब ढलपी निघू लागते. ढलप्यांऐवजी भुसा उडू लागला, तर धार बोथट झाली आहे किंवा पटाशी चुकीच्या कोनात आहे, असे समजावे. लाटण्यासारखी वस्तू कातताना हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावे. तसे केल्याने प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो. उलट गेल्यास तंतू उचकटतात. मध्ये किंचित फुगीर, टोकांकडे निमुळते, असे लाटणे हाताला बरे वाटते. पोळीला लागणाऱ्या या वस्तूवर व्हार्निश मुळीच नको.

लाटणे साधले की वाडगा. ओल्या लाकडाचा वाडगा करताना प्रथम तो जाड ठेवावा. व्यासाच्या दशांश, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंचाची भिंत, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. उघड्या टोकांना मेण लावून तो सावलीत काही महिने ठेवावा. वाळताना तो अंडाकृती होतो. मग पुन्हा कातून गोल करावा. वेगाचेही भान हवे. त्याच फेऱ्यांवर २ इंची काठीच्या कडेपेक्षा ८ इंची वाडग्याची कड चौपट वेगाने धावते. म्हणून वस्तू मोठी तितका लेथ हळू.

आकाराच्या बाबतीत नवशिक्याला मोह पडतो तो मण्यांवर मणी आणि खाचांवर खाचा घालण्याचा. माझ्या मते एक स्वच्छ, अखंड वळण दहा नक्ष्यांपेक्षा श्रेष्ठ असते. यंत्र थांबवून डोळे मिटावेत व बोटे वस्तूवरून फिरवावीत. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटांना तत्काळ सापडतो.

रंग द्यावयाचा असेल, तर आपल्याकडील लाखेसारखे दुसरे काही नाही. बोर, पळस, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म किड्याचा हा स्राव. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला झळाळी आणतात. कर्नाटकातील चन्नपट्टण या कामासाठी विख्यात आहे, तर महाराष्ट्रात सावंतवाडी. तेथील चितारआळीत लाकडी फळे, भोवरे आणि खेळणी अद्याप मिळतात. तेथील गंजिफा आणि लाखकामाला राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी मोठा आधार दिला. एखादी कला जगते ती केवळ कौतुकाने नव्हे, तर कोणीतरी तिचे मोल मोजल्याने.

या छंदाला आपल्या ख्रिस्तसभेतही एक थोर पूर्वज आहे. १६४६ साली मार्सेय येथे जन्मलेले शार्ल प्ल्यूमिए हे मिनिम संघाचे संन्यासी. वनस्पतींच्या शोधार्थ त्यांनी कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी केल्या. आणि १७०१ साली ल्यों येथे त्यांचा कातकामावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ याच विषयाला वाहिलेला तो पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. रशियाचा सम्राट पीटर हा स्वतः लेथवर बसणारा. त्याने त्याचा रशियन अनुवाद करविला. १७०४ साली प्ल्यूमिए निवर्तले. आपल्या दफनभूमीत जो पांढरा चाफा फुलतो, त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचेच नाव दिले आहे : प्लुमेरिया. पटाशी आणि फूल या दोहोंवर एकाच संन्याशाने प्रेम केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तरीही प्ल्यूमिए यांचे कातणे आणि चितारआळीतील कारागिराचे कातणे यांत एक अंतर आहे, व ते छंदिष्टाने विसरता कामा नये. आमचा वाडगा तडकला तर आमची संध्याकाळ वाया जाते. त्याचा तडकला तर त्याची मजुरी जाते. नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला सुतार म्हणून हिणविले होते. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची ही रीत आपल्या देशाने तर जातींच्या उतरंडीत बांधून ठेवली आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांनी ती अवहेलना सोसली. याउलट बेन सिराच्या ग्रंथातील ३८व्या अध्यायात कारागिरांचा केवढा गौरव आहे! त्यांच्याविना नगर वसत नाही आणि त्यांचा व्यवसाय हीच त्यांची प्रार्थना, असा त्याचा आशय आहे.

ज्याने स्वतः एक लाटणे कातले आहे, तो जत्रेत लाटणे विकणाऱ्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू शकत नाही. त्या गुळगुळीत काठीत किती वेळा धार लावली गेली, किती महिने लाकूड वाळले, हे त्याच्या बोटांना ठाऊक झालेले असते. माझ्या दृष्टीने या छंदाचे खरे फळ हेच. वाडगे आणि मेणबत्तीची बैठक ही वरकड कमाई.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. येत्या सुटीत मुलांना एखाद्या कातार्‍याच्या किंवा सुताराच्या दुकानात घेऊन जा. थोडा वेळ उभे राहून त्याचे काम पाहू द्या, त्याला "दादा" म्हणून प्रश्न विचारू द्या. आणि परतताना एक भोवरा विकत घ्या, त्याने सांगितलेल्या किमतीला.