सोमवारी तीन ते पाच

देवणीसारख्या तालुक्याच्या गावात बातमी शोधावी लागत नाही. नगरपंचायतीत सकाळी काय ठरलं ते संध्याकाळपर्यंत चहाच्या हॉटेलात सगळ्यांना ठाऊक असतं. रस्त्याचं काम कुणाला मिळालं, खडी कितपत पडली, बिल कुणी उचललं, सगळं नावानिशी. मग वार्ताहरानं करायचं काय, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. उत्तर हळूहळू सापडलं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुठंच लिहिलेली नसते आणि लिहिलेली नसली की ती कुणाला विचारता येत नाही. हॉटेलातल्या गप्पेला तारीख, रक्कम आणि ठराव क्रमांक जोडणं, हे माझं काम.

त्यासाठी सोमवार दुपार राखलेली असते. राज्य शासनाच्या 2018 च्या एका निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज नको, तीस दिवसांची वाट नको. हा निर्णय लोकांना फारसा माहीत नाही. काही बाबूंनाही नाही, म्हणून त्याची झेरॉक्स पिशवीत ठेवतो. रस्त्याची फाइल मागितली की मी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, शेजारी शेजारी ठेवतो. एमबीत लांबी, रुंदी, जाडी आणि मोजल्याची तारीख असते. चोरी आकड्यात क्वचितच दिसते, ती तारखांत दिसते. कामाचा आदेश निघायच्या आत मोजमाप झालेलं असलं, की पुढचं पान उलटायच्या आधी मी खुर्ची जवळ ओढतो.

पण आमच्या तालुक्याची खरी बातमी पैसेवारी. सोयाबीनचं पीक हातात किती पडणार याचा सरकारी अंदाज. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. गाव 50 पैशांच्या खाली गेलं तर जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत. वर राहिलं तर काही नाही. 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ जाहीर करायचे निकष बदलले, पाऊस आणि पिकांची स्थिती यांची शास्त्रीय मोजणी आली, तरी गावात अजून पैसेवारीचाच आकडा विचारतात. ओढ्याच्या अलीकडचं गाव खाली आणि पलीकडचं वर असं झालं, तर पाऊस काय ओढा बघून पडला का, असं शेतकरी विचारणारच. याचं उत्तर पीक कापणी प्रयोगात असतं: कोणत्या गटातला प्लॉट निवडला, त्या दिवशी शेतात कोण हजर होतं. मी ते विचारतो. गावनिहाय तक्ता करून जिल्हा आवृत्तीला पाठवला, की डेस्कवरून फोन येतो, तक्ता नको, फोटो पाठवा. (देवणी म्हटलं की पुण्यामुंबईला देवणी जातीच्या वळूचाच फोटो हवा असतो. वळू देखणा आहे, वाद नाही.)

आता पैशाचं. तालुका वार्ताहराला मानधन मिळालंच तर पेट्रोलला पुरत नाही. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिराती कुणाच्या? दिवाळी पुरवणीत, 26 जानेवारीला, नेत्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारे ज्यांच्या ठरावांवर मी लिहायचं तेच. अशा बिनपगारी वार्ताहरीला लोक समाजसेवा म्हणतात. मला हे पटत नाही. फुकट काम करणाऱ्याचं पेट्रोल कुणीतरी भरत असतंच, फक्त त्याचं नाव छापलेलं नसतं.

नफ्यासाठी नसलेली पत्रकारिता आपल्याकडे जुनीच आहे आणि तिला कुणीतरी उघड पैसेही दिले आहेत. 1920 साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले. आमच्याकडे 1938 मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. निजाम सरकारनं बंदी घातली तरी नावं बदलून ते निघत राहिलं. साने गुरुजींनी 1948 साली सुरू केलेलं ‘साधना’ आज ट्रस्ट चालवतो. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ही ग्रामीण भारतावरची वेबसाइटही ट्रस्टवरच चालते आणि मराठीतही वाचायला मिळते.

तालुक्याला एवढं मोठं काही नको. हरिनाम सप्ताहाला वर्गणी गोळा होते आणि शेवटच्या दिवशी देणाऱ्यांची यादी फळ्यावर लागते. आम्ही एक चारपानी पत्रकही काढतो, ते तसंच चालवतो. शेवटच्या पानावर वर्गणीदारांची नावं आणि रकमा. ज्याच्याकडे पद किंवा कंत्राट आहे त्याची वर्गणी घेत नाही. नियम लिहायला सोपा, पाळायला अवघड, कारण इथं प्रत्येक कंत्राटदार कुणाचा ना कुणाचा भाचा असतो.

म्हणून छापायच्या आधी मी फोन करत नाही, दारात जातो. कागद दाखवतो आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवून घेतो. मागे एका नाल्याच्या कामाबद्दल असाच गेलो होतो. ठेकेदार गडी माझ्या नात्यातलाच. चहा आला. एमबीच्या नकला त्यानं शांतपणे चाळल्या आणि म्हणाला, “काका, आमचंच नाव कशाला छापलाव? छापायचंच तर सगळं छापा. तीन हप्ते माझे अजून अडकलेत, ते कुणाच्या टेबलावर हायेत तेबी लिवा.” बातमी मी तशीच दिली, त्याच्या म्हणण्यासकट. पुढच्या सोमवारी बिलाच्या आवक-जावक नोंदी मागितल्या.