तळ्याचे नाव चवदार

मुंबई-गोवा रस्त्याने जाताना महाडला उतरलात, तर तळ्यावर जाऊन या. ते भर गावात आहे. नुसते 'तळे कुठे?' म्हणालात तरी वाट सापडेल.

नाव मात्र नवख्याला कोड्यात टाकते. आपण चवदार म्हणतो ते आमटी-कालवणाला. पाण्याला गोडे म्हणतो. शब्दाची घडण सोपी आहे. 'चव' आपली, 'दार' फारसीतून आलेला. वतनदार, खातेदार, दाणेदार ही त्याचीच भावंडे. शेतीखात्याच्या कामाने खेडोपाडी फिरलो, तेव्हा खारी विहीर, गोडी विहीर अशी नावे पुष्कळ ऐकली. महाडकडे सावित्रीच्या खाडीतून भरतीचे पाणी चढते. खारे पाणी जवळ असले की गोड्याचे मोल कळते. म्हणून हे नाव पाणी पिणाऱ्यांनीच ठेवले असावे, असे मला वाटते.

पण हे पाणी पिण्याची मुभा कोणाला होती? गुरे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र बंदी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. ते कागदावरच! घागर घेऊन तिथे जाण्याची कोणाची छाती नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. शेणाने पाणी शुद्ध होते, असे आम्हाला तरी कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की, तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही. आपणही माणसे आहोत हे ठरवायला तिथे जायचे आहे. म्हणजे प्रश्न चवीचा नव्हताच. दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

दर वर्षी २० मार्चला इथे दुरून माणसे येतात. त्या दिवशी एस.टी.ला उभे राहायलाही जागा मिळत नाही. काठावर निवांत बसायचे असेल, तर दुसरा एखादा दिवस निवडा.