दुनळीचा घोडा

कोंकणांतील ज्या घरीं पिकाच्या राखणीसाठीं परवान्याची जुनी दुनळी बंदूक आहे, तेथें ती बिघडली कीं सर्वांचें निदान ठरलेलें : कमान गेली! आमच्याकडेहि तेंच झालें. डावा घोडा थंडींत पहाटे काडतुसावर मंद पडे व बार उडत नसे. दुपारीं तोच घोडा उत्तम चाले. उजव्याची तऱ्हा भयंकर. पूर्ण चढविलेला घोडा जराशा धक्क्यानें आपोआप पडे. घरांत पांच मुलें. "बंदूक चौकीवर जमा करावी," असें वहिनींनीं काकूंकरवीं काकांना कळविलें. मला तें रास्त वाटलें; परंतु रानडुकरें वायंगणी भात लोळवीत असतां काका ऐकतात कसचे!

बाहेर घोडे असलेली ही जुनी घडण. 1875 सालीं बर्मिंगहॅमच्या ॲन्सन व डीली यांनीं घोडे आंत दडविलेल्या रचनेचें पेटंट घेतलें व पुढें ती मागें पडली. रचना मात्र सरळ आहे. घोड्याच्या आंसावर आंतून एक चकती असते. तिच्या खांचेंत खिटी अडकते. चाप ओढला कीं खिटी सुटते आणि कमान घोड्यास पुढें फेकते.

1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणें दुरुस्तीच्या धंद्यासहि परवाना लागतो. तसा एक वृद्ध कारागीर जिल्ह्याच्या गांवीं आहे. त्यानें प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग विचारलें, "तेल कोणतें घालतां?"

"घरचें खोबरेल," काका अभिमानानें म्हणाले.

म्हातारा हंसला. खोबरेल थंडींत थिजतें. त्यांत वर्षांची धूळ मिसळून कमान ठणठणीत असतांहि घोडा जड झाला होता. डावी बाजू नुसत्या सफाईनें सुधारली.

उजव्या खिटीचें टोक मात्र झिजून गोल झालें होतें. "कानशीनें जरा धार काढा," काकांनीं सुचविलें. त्यानें साफ नकार दिला. या भागांचा टणकपणा वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो घासला कीं आंतलें मऊ लोखंड उघडें पडून खिटी अधिकच लवकर घसरते. नवी खिटी घडवून तिला पाणी देण्यास तीन आठवडे लागले. तेवढ्यांत डुकरांनीं आणखी एक खाचर नासलें, व तें काकांनीं कारागिरास दोनदां ऐकविलें.

आतां बंदूक कुलपांत असते. काडतुसांची पेटी निराळी, आणि तिची किल्ली वहिनींच्या कमरेला.