सँटोरिनी, आई आणि गुडघे

तुमच्या ऑफिसात एक चक्कर मारून बघा. एखाद्या तरी कॉम्प्युटरच्या वॉलपेपरवर हे बेट सापडेलच. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली शाईसारखा समुद्र आणि फ्रेमच्या मधोमध एक पाठमोरी मुलगी, जिचा लांबलचक गाऊन वाऱ्यावर उडतोय. सँटोरिनी! हनिमूनवाल्यांची ऑल टाइम फेव्हरिट जागा. येत्या ऑक्टोबरमध्ये मी तिथे जातेय. आईबरोबर.

हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. 'सँटोरिनीला? आईबरोबर?' एका मैत्रिणीने तर काकूंना चारधामला ने ना, असा प्रेमळ सल्लाही दिला. अगं, पण काकूंना चारधाम नकोय! काकू पोस्टात नोकरी करत असताना त्यांच्या टेबलामागे कुठल्याशा ट्रॅव्हल कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यातलं ऑगस्टचं पान काकूंनी वर्ष संपल्यावर फाडून घरी आणलं आणि फ्रीजला चिकटवलं. तेव्हा मी शाळेत होते. फ्रीज बदलला, पान नव्या फ्रीजवर गेलं. बाबांना विमानापेक्षा स्वतःची खुर्ची प्रिय, त्यामुळे ते पान पानच राहिलं.

मग यंदा ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, डावा गुडघा वर्षभरात बदलावा लागेल. आई म्हणाली, 'ठीक आहे. पण आधी ते बेट.'

आता एवढं स्वच्छ ब्रीफ मला आजवर एकाही एडिटरने दिलेलं नाही. बजेट ठरलेलं, डेडलाइन ठरलेली आणि एक अट. गुडघा.

सँटोरिनीचं प्लॅनिंग करताना सगळे खोलीपासून सुरुवात करतात. मी पायऱ्यांपासून केली. त्यासाठी आधी बेट समजून घ्यावं लागलं. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला, बेटाचा मोठा भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. फोटोतलं ते निळंशार पाणी म्हणजे ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड, ज्याला कॅल्डेरा म्हणतात. त्याच्या काठावर जवळजवळ ३०० मीटरचे कडे. फिरा, इमेरोविग्ली, ईआ ही फोटोवाली गावं या कड्याच्या धारेवर लटकलेली आहेत. (स्पेलिंगवर जाऊन 'ओइया' म्हणू नका, मीही महिनाभर तेच म्हणत होते.) कड्यावरच्या गावात खोली घेतली की व्ह्यू मिळतो आणि व्ह्यूबरोबर पायऱ्या मिळतात. रस्त्यापासून खोलीपर्यंत खाली, नाश्त्याला वर, पुन्हा खाली. हॉटेलवाले हे लिहितात, पण शेवटच्या ओळीत, बारीक टायपात. मी सहा हॉटेलांना ईमेल करून सरळ विचारलं, 'रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या?' चौघांनी आकडा कळवला. सगळ्यात कमी आकडा होता ४२. आणि त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं माझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त!

गंमत म्हणजे ज्या 'केव्ह स्वीट'साठी लोक एवढे पैसे मोजतात, त्या मुळात गरिबाघरच्या खोल्या. ज्वालामुखीची राख साचून झालेल्या मऊ थरांत खोदलेली घरं, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ईआमध्ये जहाजांचे कप्तान वर ऐसपैस बंगल्यांत राहायचे आणि खलाशी खाली कड्याच्या पोटात. ९ जुलै १९५६ला मोठा भूकंप झाला, पन्नासहून अधिक माणसं गेली, ईआचा बराचसा भाग पडला आणि कितीतरी कुटुंबं अथेन्सला निघून गेली. मग सत्तरच्या दशकात सरकारी पर्यटन संस्थेने यातली पडीक घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तर आम्ही कड्यावर राहत नाही आहोत. बेटाची पूर्वेकडची बाजू हळूहळू उतरत समुद्राला मिळते. तिथे कामारी आणि पेरिस्सा ही गावं आहेत, काळ्या वाळूचे किनारे आहेत आणि मुख्य म्हणजे सपाट रस्ते आहेत. कामारीत तळमजल्यावरची साधी खोली मिळाली, भाडं कड्यावरच्या खोलीच्या चौथाईपेक्षा कमी. तिथून फिराला बस आहे. बेटावर दुसरीकडे कुठेही जायचं असेल तर बहुतेक वेळा फिरालाच बस बदलायची. आईला मी सांगितलं, फिरा म्हणजे दादर. तिला बेटाचा नकाशा तिथल्या तिथे पाठ झाला.

हे सगळं जुळत आलं असताना मला एक गोष्ट तिला सांगायची होती आणि ती मी रोज उद्यावर ढकलत होते.

आई पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती. घराची मागची भिंत गोठ्यावर पडली. पुढे कितीतरी रात्री अख्खं गाव शेतात झोपायचं. अजूनही शेजारच्यांनी रात्री कपाट सरकवलं तरी ती उठून बसते. आपला सह्याद्री लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं लोटली. सँटोरिनीचा ज्वालामुखी अजून जागा आहे, त्याचा शेवटचा उद्रेक १९५०चा. शिवाय जानेवारी २०२५च्या अखेरीपासून सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांच्या मधल्या समुद्रात भूकंपांची रांग लागली. हजारो धक्के. १० फेब्रुवारीला सगळ्यात मोठा, ५.३चा. शाळा बंद, आणीबाणी जाहीर, आणि दहा हजारांहून अधिक माणसं बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली. नंतर शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा समुद्राच्या तळाखालून सरकलेला शिलारस हे कारण पुढे आलं. जीवितहानी झाली नाही, धक्के ओसरले, लोक परतले, हॉटेलं उघडली. पण कोयनेची मुलगी आणि हे बेट? मला वाटलं, संपलं. ऑगस्टचं पान फ्रीजवरच राहणार.

शेवटी एका रविवारी सांगून टाकलं. पैसे भरायच्या आधी तिला कळायलाच हवं होतं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आणि त्या आधीच्या, जुन्या स्फोटात किती माणसं गेली?'

मी वाचलेलं होतंच. बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी नावाची जागा आहे. तिथे त्या स्फोटाच्या राखेखाली एक आख्खं शहर गाडलं गेलं. स्पिरिडॉन मारिनाटोस या पुरातत्त्वज्ञाने तिथलं मोठं उत्खनन सुरू केलं ते वर्षही १९६७च. दोन-तीन मजली घरं, मैलापाण्याची व्यवस्था, भिंतींवर रंगीत चित्रं, धान्याचे रांजण. पाँपेईत राखेत अडकलेल्या माणसांचे आकार सापडले. अक्रोतिरीत स्फोटात सापडलेलं एकही माणूस अजून मिळालेलं नाही, दागदागिनेही जवळजवळ नाहीत. आधी भूकंप झाले, लोक सावध झाले, मौल्यवान चीजवस्तू घेऊन निघाले, असं अभ्यासक मानतात. पुढे समुद्रावर त्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही.

'म्हणजे त्यांना वेळ मिळाला,' आई म्हणाली. 'आम्हाला नव्हता मिळाला.'

मग तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, 'ते शहर बघता येतं का? तिथे पायऱ्या आहेत का?'

बघता येतं. वर भलंमोठं छप्पर आहे, चालायला लाकडी मार्ग आहेत आणि उतारही केलेले आहेत. तेव्हा आमच्या पाच दिवसांतली एक पूर्ण सकाळ अक्रोतिरीची. तिथली काही चित्रं फिराच्या संग्रहालयात आहेत, काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. म्हणून अथेन्समध्येही एक दिवस वाढवला. हा दिवस माझ्या मूळ एक्सेल शीटमध्ये नव्हता. कुठल्याच पॅकेजमध्येही मी तो पाहिला नाही.

ऑक्टोबर का, तर जुलै-ऑगस्टमध्ये ऊन मी म्हणतं, मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा बोटींचं वेळापत्रक उधळतो आणि गर्दी... २०२३मध्ये सुमारे ३४ लाख माणसं या बेटावर येऊन गेली. बेटाची लोकसंख्या पंधरा-सोळा हजार! २०२५पासून क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८००० अशी मर्यादा घातली आणि त्याच जुलैपासून त्यांच्यावर माणशी कर बसवला, मोसमात २० युरो. आपण हॉटेलात राहणारे, तर आपल्याला वेगळा कर, तोही तारांकानुसार. २०२५ला उन्हाळी मोसमाचा दर पंचतारांकितमध्ये खोलीमागे रात्रीला १५ युरो होता, एक-दोन तारांकितमध्ये २. इथेही आमची कामारीची खोली जिंकली. नोव्हेंबरपासून बरीच हॉटेलं बंद होतात, म्हणून ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. समुद्राचं पाणी तेव्हाही उबदार असतं. आई पाय बुडवणार आहे. पोहण्याच्या कपड्यांचा विषय मी काढलेला नाही.

तुम्ही म्हणाल, आणि ईआचा तो फेमस सनसेट? बॉस, तो सोडला. संध्याकाळी पडक्या किल्ल्याच्या अरुंद वाटांवर शेकडो लोक मोबाइल वर करून उभे असतात, तिथे दुखरा गुडघा घेऊन कुणी जावं? ईआला आम्ही सकाळच्या बसने जाऊ. निळे घुमट तेव्हाही निळेच असतात. ज्वालामुखीच्या बेटावरचा, नेआ कामेनीचा भुसभुशीत चढ, त्यावरही फुली. जाताना अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठी बोट घेणार. जलद बोटीला पाच तास लागतात, हिला आठेक. पण ही कमी हलते आणि डेकवर बसता येतं. आईला बेट समुद्रातून हळूहळू मोठं होताना बघायचंय. येताना मात्र विमान.

आता व्हिसा. शेंगेनची फी जून २०२४पासून ९० युरो आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावा लागतो आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. इथपर्यंत ठीक. पण आमच्यासारख्या फ्रीलान्सरांची खरी मजा पुढे. ज्या एजंटाकडे गेलो तो माझी फाइल चाळत म्हणाला, 'मॅडम, कंपनीचं लीव्ह लेटर?' म्हटलं, कंपनी मीच. 'मग सॅलरी स्लिप?' तीही मीच. तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, छापून आलेल्या लेखांची कात्रणं, दोन संपादकांची पत्रं असा गठ्ठा मी पुढे सरकवला. त्याने तो असा उचलला, जणू वजन करून रद्दीचा भाव सांगणार आहे. मग आईने पर्समधून पेन्शनचे कागद काढले. एजंट ताठ बसला. 'काकू, तुमचं काहीच टेन्शन नाही!' मास कॉमची डिग्री, पाच वर्षांचं करिअर आणि माझ्या कव्हरिंग लेटरमधलं सगळ्यात वजनदार वाक्य कुठलं, तर 'मी माझ्या आईबरोबर प्रवास करत आहे'.

बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलंय, ती बिल्डिंगच्या आवारात चाळीस मिनिटं चालते आणि वॉचमनला ग्रीसची माहिती देते. जेवणाचा प्रश्नही तिने आपल्या परीने सोडवलाय. बेटावर टोमॅटोची भजी मिळतात आणि 'फावा' नावाचं पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. ही डाळ म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. अक्रोतिरीतही तिचे दाणे सापडलेत. हे ऐकल्यावर आईने सामानाच्या यादीतून खाखऱ्याची तीन पाकिटं खोडली आणि खाली लिहिलं, 'येताना ती डाळ, अर्धा किलो'. त्याखाली दुसऱ्या पेनने, 'क्रेप बँडेज २'.