कुलूप

परवा परभणीहून बाबांचा फोन आला. आवाज पडलेला. "अरे, त्या पानावर कुलपाचं चित्र होतं की!"

'बिल भरा, नाहीतर रात्री लाईट कापू' असा मेसेज, खाली लिंक. बाबांनी कार्डाचा नंबर टाकला, ओटीपीही टाकला. पेन्शनमधले अठरा हजार गेले.

कुलूप बघायला मीच शिकवलं होतं. एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचावं. एचटीटीपीएस म्हणजे बंद पाकीट. पण पाकीट भामट्याच्याच पत्त्यावर टाकलं तर? कुलूप फक्त वाट राखतं, पलीकडच्याची नियत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' 2015 पासून फुकट देते. चांगली सोय आहे, पण ती चोरालाही मिळते. हे अर्धं मी सांगितलंच नव्हतं.

लगेच 1930 वर तक्रार नोंदवली. मग बाबांना म्हटलं, "यापुढे कुलूप नाही, आधी पत्ता वाचायचा. आणि मेसेजमधल्या लिंकवरून पैसे भरायचेच नाहीत."

"मी आपला रांगेत उभा राहून बिल भरीन," ते म्हणाले.

पैसे येतील तेव्हा येतील. बाबांचा विश्वास कसा परत आणायचा, ते मात्र सुचत नाहीये.