पाचवा विषय

आमची भाची यंदा अकरावीत गेली. शाळा सीबीएसईची, शाखा सायन्स. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे चार ठरलेले, पाचव्यावरून घरात रणकंदन. ताई-भावजींना कॉम्प्युटर सायन्स हवं, हिला फिजिकल एज्युकेशन. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, तेव्हा माझं मत भावजींनी आधीच आपल्या खात्यात जमा केलेलं!

मंडळी, आमच्या वेळी पीटी म्हणजे गणिताच्या सरांनी पळवायचा तास. त्यामुळे शनिवारी हिने मैत्रिणीचं उसनं आणलेलं बारावीचं पुस्तक मी जरा गंमत म्हणूनच उघडलं. पहिल्याच धड्यात स्पर्धांची आखणी. १९ संघ असतील तर बाद पद्धतीने सामने १८ (प्रत्येक सामन्यात एक संघ घरी, संपला हिशेब), पहिल्या फेरीत बाय द्यायचे १३. तेच साखळी पद्धतीने खेळवले तर १७१. अहो, हे तर आमचंच काम! पुढे स्नायू, हृदय, आहार, न्यूटनचे नियम, मानसशास्त्र. काही पानं निव्वळ घोकंपट्टीची आहेत, तेही सांगून टाकतो.

कारण मार्कांची वाटणी अशी की लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०. त्या ३० मध्येही फिटनेस चाचणी, योगासनं, फाइल आणि तोंडी आलंच. खेळातल्या कौशल्याला मिळतात ७. म्हणजे ही पोरगी पाचवीपासून खो-खो खेळतेय त्याचे सात मार्क! 'स्कोअरिंग आहे' किंवा 'ग्राउंडवर जायला मिळतं' म्हणून हा विषय घेणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

हे सगळं तिला सांगितलं. म्हणाली, "माहितीये मामा. खेळायला नाही घेत आहे."

गेल्या वर्षी सामन्यात तिचा घोटा मुरगळला होता. सरांनी (नाव कशाला घ्या) स्प्रे मारून पुन्हा मैदानात उतरवलं. मग दोन महिने काठी. त्याच पुस्तकात तिला दुखापतींचा धडा सापडला. स्नायू ताणला जाणं वेगळं आणि सांध्याचा अस्थिबंध दुखावणं वेगळं. आपण दोन्हीला 'लचक' म्हणून मोकळे होतो. विश्रांती, बर्फ, दाबून बांधणं, पाय उंच ठेवणं, सगळं तिथे लिहिलेलं. "हे त्या दिवशी तिथे कुणालाच कसं माहीत नव्हतं?" हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्यावर मला काही बोलता आलं नाही.

भावजींचा प्रश्न रास्तच होता. इंजिनिअरिंगचं काय? तर आयआयटीला बारावीची ७५ टक्क्यांची अट आहे (किंवा बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं), पण तिथे पाचवा विषय कुठलाही चालतो. आणि प्रोग्रॅमिंग कॉलेजात पहिल्यापासून शिकवतात. माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांनी बारावीला कॉम्प्युटर घेतलं नव्हतं, त्यांचा कोड काही माझ्यापेक्षा वाईट नाही :)

"म्हणजे पुढे पीटी टीचर होणार?" भावजी.

"झाले तर?" भाची.

शेवटी सोमवारी फॉर्म तिच्या मनासारखा गेला. भावजी अजून फुगलेलेच आहेत. काल मात्र फाइलीत खो-खोच्या मैदानाची आकृती काढायची होती, २७ मीटर बाय १६ मीटर, आणि हिला ती काही प्रमाणात बसवता येईना. तेव्हा पट्टी-पेन्सिल त्यांनीच ओढून घेतली.